त्या मुलांना कुणी विचारलं नाही

इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यात ऑल्टन नावाचं गाव आहे. तिथे लॉर्ड मेयर ट्रेलोर कॉलेज ही अपंग मुलांसाठीची निवासी शाळा. हिमोफिलिया असलेल्या मुलांना आईवडील मुद्दाम तिथे धाडत, कारण शाळेच्या आवारातच सरकारी आरोग्यसेवेचं हिमोफिलिया केंद्र होतं. गणिताच्या तासाला गुडघा दुखायला लागला तर मुलगा केंद्रात जाऊन इंजेक्शन घेई आणि पुढच्या तासाला वर्गात परत येई. १९७० ते १९८७ या काळात हिमोफिलिया असलेले १२२ विद्यार्थी तिथे शिकले. त्यांपैकी आज जेमतेम तीस हयात आहेत.

बाकीच्यांतल्या बहुतेकांचा जीव हिमोफिलियाने घेतला नाही. उपचार म्हणून जे औषध टोचलं गेलं, त्यातूनच एचआयव्ही आणि काविळीचे विषाणू त्यांच्या अंगात शिरले.

त्यांतले पुष्कळ जण माझ्या वयाचे होते. मी १९६६ चा, सांगली जिल्ह्यातला. मला हिमोफिलिया ए आहे, तोही तीव्र. ब्रिटनमधल्या या प्रकरणाचा चौकशी अहवाल २०२४ साली आला, तेव्हापासून जे मिळेल ते वाचतो आहे. परक्या देशातली जुनी भानगड म्हणून हा विषय मला बाजूला ठेवता येत नाही. का, ते सांगतो.

हिमोफिलियात रक्त गोठवणारा एखादा घटक शरीरात जन्मतःच नसतो, किंवा फार थोडा असतो. आठव्या क्रमांकाचा घटक कमी असेल तर ए, नवव्याचा कमी असेल तर बी. दोष एक्स गुणसूत्रावर असतो, म्हणून तो बहुधा आईकडून येतो आणि त्रास मुलग्यांना होतो. साधारण पाच हजार मुलग्यांमागे एकाला ए प्रकार असतो. लोकांना वाटतं की जरा कापलं तरी आम्ही रक्त वाहून मरतो. तसं क्वचितच होतं. आमचं खरं दुखणं आतलं आहे. काही निमित्त नसताना गुडघ्यात, घोट्यात, कोपरात रक्त उतरतं, सांधा टरटरून फुगतो, रात्रभर पाय तसूभर हलवता येत नाही. एकाच सांध्यात पुन्हा पुन्हा असं झालं की आतली कूर्चा झिजून जाते. माझा उजवा गुडघा नववीत असतानाच वाकेनासा झाला. माझे थोरले मामा दाढ काढल्यावर गेले, तेव्हा घरात कुणाला या रोगाचं नावही माहीत नव्हतं. माझं निदान झालं आणि आईला मामांच्या मरणाचं कारण कळलं. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक सुजेचा दोष तिने स्वतःकडे घेतला.

लहानपणी आमच्याकडे उपचार म्हणजे बर्फ, क्रेप बँडेज आणि अंथरूण. फारच झालं तर जिल्ह्याच्या गावी नेऊन प्लाझ्मा चढवत. पण आठवा घटक पुरेसा मिळायचा तर इतका प्लाझ्मा लागतो की एका वेळी तेवढा शरीराला झेपत नाही. १९६० च्या दशकात स्टॅनफर्डच्या ज्युडिथ पूल यांच्या लक्षात आलं, की गोठवलेला प्लाझ्मा सावकाश वितळवला तर तळाशी थोडा साका उरतो आणि त्यात आठवा घटक दाटून असतो. त्यालाच आम्ही क्रायो म्हणतो. मला ते पहिल्यांदा मुंबईत मिळालं. पिशव्या कोमट पाण्यात वितळवायच्या आणि एकीमागून एक लावायच्या. अंगावर पित्त उठे, कधी हुडहुडी भरे. पण त्यातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या हकिकतीत महत्त्वाची आहे: क्रायोची एक पिशवी म्हणजे एका माणसाचं रक्त.

मग फॅक्टर आलं. हजारो माणसांचा प्लाझ्मा एकत्र करून त्यातून वेगळी काढलेली पांढरी पूड, बोटभर बाटलीत. फ्रीजमध्ये ठेवायची, निर्जंतुक पाण्यात विरघळवायची आणि शिरेत द्यायची, घरच्या घरी. ब्रिटनमध्ये अमेरिकी कंपन्यांच्या फॅक्टरला १९७३ साली परवाना मिळाला. तिथल्या आया मुलाची शीर शोधून सुई लावायला शिकल्या. मुलं शाळेत जाऊ लागली, सहलींना जाऊ लागली. त्या बाटलीची किंमत काय, हे माझ्यासारख्याला विचारा. इथे मी पलंगावर पडून छताच्या वाशांकडे बघत असताना तिकडे माझ्याच वयाचा मुलगा काही मिनिटांत उठून वर्गात जात होता. म्हणून तर पुढचं वाचताना छातीत कळ येते.

आमच्या भागात दूध संकलन केंद्रावर प्रत्येकाची किटली तपासूनच आत घेतात, कारण एक नासकी किटली टँकरमध्ये ओतली गेली की टँकरच वाया जातो. फॅक्टरच्या एका बॅचमागे हजारो, कधी तर चाळीस हजारांपर्यंत माणसांचा प्लाझ्मा असे. त्यातला एक जण आजारी असला तरी अख्खी बॅच दूषित होणार. शिवाय अमेरिकेत हा प्लाझ्मा विकत घेतला जाई. विकणाऱ्यांत पैशांच्या निकडीतली माणसं होती, व्यसनी होते, तुरुंगातले कैदी होते. ज्याला पैसे हवेत तो आपला आजार कशाला सांगेल? रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० मध्येच विकतच्या रक्ताच्या या धोक्यावर पुस्तक लिहिलं होतं. १९७५ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या ‘वर्ल्ड इन अ‍ॅक्शन’ कार्यक्रमाने अमेरिकेतला प्लाझ्माचा बाजार लोकांना दाखवला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने विनामोबदला रक्तदानाचा आग्रह धरणारा ठराव केला. आणि त्याच वर्षी ब्रिटनचे आरोग्य राज्यमंत्री डेव्हिड ओवेन यांनी देशाला लागणारं फॅक्टर देशातच तयार करण्यासाठी पाच लाख पौंड जाहीर केले. इंग्लंड त्या मुक्कामाला वेळेत पोचलंच नाही. आयात चालू राहिली.

तेव्हा एड्सचं नावही कुणाला माहीत नव्हतं, हे खरं. पण कावीळ माहीत होती. हेपटायटिस ए नाही आणि बी नाही अशी एक कावीळ रक्तातून पसरते, हे सत्तरच्या दशकातच डॉक्टरांना कळलं होतं. तिच्या विषाणूला हेपटायटिस सी हे नाव मिळालं १९८९ मध्ये.

एड्सच्या बाबतीतही अंधार फार दिवस टिकला नाही. जुलै १९८२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने हिमोफिलियाच्या तीन रुग्णांमध्ये हा नवा आजार दिसल्याचं प्रसिद्ध केलं. मे १९८३ मध्ये इंग्लंडमधल्या साथरोग सर्वेक्षण केंद्राचे संचालक स्पेन्स गॅलब्रेथ यांनी आरोग्य खात्याला स्पष्ट लिहिलं: १९७८ नंतर अमेरिकेत गोळा केलेल्या रक्तापासून बनवलेली सगळी उत्पादनं मागे घ्या. कुणी ऐकलं नाही. उलट त्याच महिन्यात हिमोफिलिया रुग्णांच्या संघटनेने, कार्डिफचे नामवंत तज्ज्ञ प्राध्यापक आर्थर ब्लूम यांचा हवाला देऊन, सभासदांना धीर देणारं पत्र पाठवलं. आम्ही रुग्ण आपल्या संघटनेवर सख्ख्या माणसासारखा विश्वास टाकतो. त्या पत्रानंतर किती आयांनी नि:शंक मनाने पुढची बाटली विरघळवली असेल, हा विचार माझ्याने पुरा होत नाही. नोव्हेंबरात मंत्री केनेथ क्लार्क सांगत होते की रक्तउत्पादनांतून एड्स पसरतो याचा निर्णायक पुरावा नाही. पुरावा निर्णायक होईपर्यंत बाटल्या रिकाम्या होत राहिल्या.

दुसरा काही इलाज नव्हता, असं सरकार पुढे कित्येक वर्षं म्हणत आलं. हे मला मान्य नाही. क्रायो होतं. सौम्य हिमोफिलियाच्या रुग्णांसाठी डेस्मोप्रेसिन हे औषध होतं, त्यात कुणाचंच रक्त लागत नाही. तातडीची नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलता आली असती. बर्फ आणि क्रायोवर आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो: फार दुखतं, सांधे जातात, पण माणूस जगतो. निदान दोन्ही गोष्टी रुग्णापुढे ठेवायच्या होत्या. एका बाजूला गुडघा, दुसऱ्या बाजूला जीव. निवड त्याने केली असती.

ती संधी त्यांना दिली गेली नाही, आणि ट्रेलोरच्या शाळेत तर याहून वाईट घडलं. चौकशीचा निष्कर्ष असा, की त्या मुलांना वेगवेगळ्या कंपन्यांचं फॅक्टर दिलं गेलं, त्यात काविळीचा धोका जास्त आहे हे डॉक्टरांना ठाऊक होतं, आणि मुलांकडे संशोधनाचा विषय म्हणून पाहिलं गेलं. आईवडील शेकडो मैलांवर होते. आपल्या मुलाच्या दंडात उपचार जातो आहे की प्रयोग, हे त्यांना कळवलं नव्हतं. ही केवळ एका शाळेची गोष्टही नव्हती. जानेवारी १९८२ मध्ये ब्लूम आणि ऑक्सफर्डचे चार्ल्स रिझा यांनी देशभरच्या हिमोफिलिया केंद्रांना पत्र लिहिलं. काविळीचा धोका कमी असल्याचं सांगितलं जाणारं नवं फॅक्टर तोवर चिंपांझींवर तपासलं जात होतं. आता ते माणसांवर तपासायचं होतं, आणि त्यासाठी पूर्वी फॅक्टर न घेतलेले किंवा क्वचित घेतलेले रुग्ण हवे होते. असे रुग्ण म्हणजे बहुधा लहान मुलं आणि सौम्य आजाराची माणसं. म्हणजे ज्यांना क्रायोवर सहज भागवता आलं असतं, नेमकी तीच.

एचआयव्हीची चाचणी निघाल्यावर जुन्या नमुन्यांची तपासणी झाली. रुग्णाला न विचारता. निकाल आले, तेही काहींना कित्येक महिने, काहींना वर्षानुवर्षं सांगितले नाहीत. तोवर कुणाचं लग्न झालं, कुणाच्या बायकोला लागण झाली. ट्रेलोरच्या एका माजी विद्यार्थ्याने चौकशीपुढे सांगितलं, की काही मुलांना एकत्र बोलावून, तुला आहे, तुला नाही, असं एकेकाला सांगण्यात आलं. पंधरा-सोळा वर्षांची मुलं. शेजारी मित्र उभा, आणि आई घरी.

असं न सांगणं माझ्या ओळखीचं आहे. १९९० च्या सुमारास एका मोठ्या रुग्णालयात क्रायोसाठी दाखल होतो. नेहमीप्रमाणे रक्त काढून नेलं. काही दिवसांनी डॉक्टरांनी काकांना दाराबाहेर बोलावलं आणि सांगितलं, की पोराची एड्सची चाचणी केली होती, निगेटिव्ह आहे. पोरगा तेव्हा बँकेत कायम झालेला होता, स्वतःच्या पगारावर घर चालवत होता. काका आनंदाने पेढे घेऊन आले. मी विचारलं, कशाचे? पुढे काही वर्षांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधी तपासण्या झाल्या, त्यात हेपटायटिस सी निघाला. जुने केसपेपर मागवले, तर त्यांतल्या एकावर हाच निकाल आधीच नोंदलेला होता, खाली रेघ मारून. मला कुणी बोललं नव्हतं. मधल्या काळात मुलगी झाली होती. नशिबाने ती आणि तिची आई दोघी सुखरूप आहेत. २०१५ नंतर नव्या गोळ्या भारतात स्वस्तात मिळू लागल्या, तीन महिन्यांच्या उपचाराने माझा विषाणू गेला. यकृताला झालेलं नुकसान थोडंफार राहिलं आहे. मला लागण झाली ती क्रायोतून किंवा प्लाझ्मातून. फॅक्टर तोवर मी फारसं पाहिलंही नव्हतं. त्या लागणीबद्दल मी कुणावर राग धरत नाही, तेव्हा आपल्याकडे या विषाणूची तपासणीच सक्तीची नव्हती. केसपेपरवरच्या त्या रेघेबद्दल मात्र राग अजून गेलेला नाही.

ब्रिटनमध्ये रक्तस्रावाचा विकार असलेल्या सुमारे साडेबाराशे रुग्णांना एचआयव्ही झाला, त्यांत ३८० च्या आसपास मुलं होती. रक्त चढवल्याने बाधित झालेले इतर रुग्ण धरले तर हेपटायटिस सी आणि एचआयव्ही मिळून आकडा तीस हजारांपलीकडे जातो, आणि मृत्यू सुमारे तीन हजार. १९९१ मध्ये एचआयव्ही झालेल्यांच्या दाव्यांत तडजोड झाली. पैसे घेताना त्यांच्याकडून, पुढे काविळीबद्दल दावा लावणार नाही, असं लिहून घेतलं. यांतल्या बहुतेकांना हेपटायटिस सीचीही लागण झालेली असणार, हे सरकारी बाजूला कळत होतं. सही करणाऱ्या कित्येकांना कळत नव्हतं. मरणाऱ्या माणसाची सही अशी घेणं हा मला सगळ्या प्रकरणातला सर्वांत नीच भाग वाटतो.

२०१७ मध्ये थेरेसा मे यांनी चौकशी जाहीर केली. माजी न्यायमूर्ती सर ब्रायन लँगस्टाफ यांनी हजारो लोकांचं म्हणणं नोंदवलं आणि २० मे २०२४ रोजी सात खंडांचा अहवाल दिला. हा अपघात नव्हता, टाळता आला असता, आणि नंतर सत्य झाकलं गेलं, असं त्यांनी स्वच्छ शब्दांत लिहिलं. सरकारी खात्यातली काही कागदपत्रं मुद्दाम नष्ट केली गेली, हेही लिहिलं. पंतप्रधान ऋषी सुनक यांनी त्याच दिवशी संसदेत माफी मागितली. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात भरपाईसाठी ११.८ अब्ज पौंडांची तरतूद झाली. ट्रेलोरची कित्येक मुलं तोवर जाऊन तीस-पस्तीस वर्षं झाली होती.

इतर देशांनीही आपापल्या परीने हेच केलं. फ्रान्समध्ये राष्ट्रीय रक्तसंक्रमण केंद्राने साठा दूषित असल्याचं माहीत असूनही १९८५ मध्ये तो वाटणं चालू ठेवलं; केंद्राचे प्रमुख मिशेल गारेटा यांना १९९२ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. जपानमध्ये आरोग्यमंत्री नाओतो कान यांनी १९९६ मध्ये रुग्णांची माफी मागितली. आणि आपल्या खंडाशी थेट संबंध असलेली गोष्ट २००३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केली: बायरच्या कटर या विभागाने १९८४ मध्ये अमेरिकेत उष्णतेची प्रक्रिया केलेलं सुरक्षित फॅक्टर विकायला सुरुवात केली, आणि जुना, प्रक्रिया न केलेला माल वर्षाहून अधिक काळ हाँगकाँग, तैवानसारख्या आशियाई बाजारांत आणि लॅटिन अमेरिकेत विकणं चालू ठेवलं.

भारतात त्या काळी फॅक्टर विकत घेणं बहुतेकांच्या आवाक्यात नव्हतं. स्वतः हिमोफिलियाचे रुग्ण असलेल्या अशोक वर्मा यांनी १९८३ मध्ये दिल्लीत रुग्णांचं फेडरेशन सुरू केलं, तेव्हा कुठे त्याच्या गावोगावच्या शाखांतून थोडं थोडं फॅक्टर मिळू लागलं. आपल्या गरिबीने आपल्याला वाचवलं, असं काही जण म्हणतात. मला ते बोलणं आवडत नाही. फॅक्टर न मिळाल्याने गेलेले मित्र मी पाहिले आहेत. रक्ताची एचआयव्ही तपासणी इथे १९८९ मध्ये सक्तीची झाली. पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली १९९८ पासून, तीही कॉमन कॉज संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आदेश दिल्यावर. त्यानंतरही २०११ मध्ये जुनागढला थॅलेसेमियाच्या वीसहून अधिक मुलांना एचआयव्ही झाल्याचं उघड झालं. संमतीबद्दलही कायदा स्पष्ट आहे. समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की उपचाराचं स्वरूप, त्यातले धोके आणि दुसरे पर्याय समजावून मगच रुग्णाची संमती घ्यावी, आणि ती रुग्णाचीच हवी. दाखल होताना नातेवाइकाच्या हातात कोऱ्या छापील कागदांचा गठ्ठा देऊन खुणा केलेल्या जागी सह्या घेतात, त्याला मी संमती मानत नाही.

हिमोफिलिया असलेल्या मुलांच्या आईवडिलांनी हे वाचून फॅक्टरला घाबरू नये. आज प्लाझ्मापासून बनणाऱ्या फॅक्टरवर विषाणू मारण्याची प्रक्रिया झालेली असते, काही प्रकारचं फॅक्टर माणसाच्या रक्ताशिवाय बनतं, आणि एमिसिझुमॅबसारखी नवी इंजेक्शनं तर कातडीखाली घेता येतात. मुलाला वेळेवर फॅक्टर द्या, त्याचे गुडघे माझ्यासारखे होऊ देऊ नका. पण प्रत्येक बाटलीवरची चिकटपट्टी काढून वहीत लावा, म्हणजे कंपनी, बॅच क्रमांक आणि मुदत आपल्याजवळ राहते. हेपटायटिस बीची लस द्या. रक्त काढलं की कशासाठी काढलं ते विचारा आणि निकालाची प्रत मागून घ्या. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की हे सगळं त्याच्यासमोर विचारा, त्यालाही विचारू द्या. चांगले डॉक्टर रागावत नाहीत. मला आता असे भेटले आहेत.

आणि जे रक्तदान करतात त्यांना विनंती. शिबिरात हातात देतात तो प्रश्नांचा फॉर्म चहा-बिस्किटांच्या घाईत नुसत्या बरोबरच्या खुणा करून परत देऊ नका. लागण ताजी असेल तर ती तपासणीत सापडत नाही, तो काळ फक्त तुमच्या खऱ्या उत्तरानेच भरून निघतो. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायला संकोच वाटत असेल, तर त्या दिवशी रक्त न देता घरी जा.